परडीतला शरद: बालवाडीसाठी ऋतूचे उपक्रम

पाऊस ओसरतो, ऊन लख्ख होतं आणि बालवाडीच्या कुंपणापलीकडे एकदम खूप काही घडू लागतं. तेरड्याच्या शेंगा फुगतात, आघाडा कपड्यांना चिकटतो, मैदानावर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, शेतात भुईमूग उपटला जातो, पारिजातकाखाली रोज सकाळी सडा पडतो. भाद्रपदाच्या अखेरीपासून कार्तिकापर्यंतचे हे दिवस लहान मुलांना शिकवायला वर्षातले सर्वांत भरलेले. तरीही याच दिवसांत कितीतरी वर्गांमध्ये मुलं छापील कागदावरच्या मेपलच्या पानात केशरी खडू भरत बसलेली दिसतात.

ज्या देशात मेपल आहे, तिथल्या मुलाने ते पान जरूर रंगवावं. आपल्याकडे मात्र आश्विनात झाडं हिरवीगार असतात. बहुतेक झाडांची पानगळ थंडी सरताना, माघ-फाल्गुनात होते. कागदावर लाल पानं आणि खिडकीबाहेर हिरवं रान, असं असेल तर मूल कागद आणि खिडकी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकतं. शाळेत जे असतं ते घरी नसतं, अशी त्याची समजूत होते. ती होऊ नये, यासाठी हा लेख आहे.

सगळ्या उपक्रमांमागचं सूत्र एकच: आधी हात, मग शब्द, मग कागद. मुलाने वस्तू हाताळावी, तिच्याबद्दल बोलावं आणि सर्वांत शेवटी वाटलं तर चित्र काढावं. हा क्रम उलटला की उपक्रमाची शोभा राहते, शिकणं निसटतं.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपासच्या वस्तूंमधून साधनं उभी केली. पुढे कोसबाडला, गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा मानून खेळातून आणि कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. पालघरच्या त्या डोंगराळ भागात हे काम कितीतरी आधी करून दाखवलं गेलं होतं.

तयारी: ऋतूचा कोपरा

वर्गात मुलांच्या उंचीचा एक पाट किंवा बाक रिकामा करा. त्यावर दोन-तीन परड्या, एक सूप, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, काही करवंट्या आणि शक्य असल्यास एक भिंग ठेवा. मुलांनी वाटेत सापडलेली एखादी वस्तू आणून इथे ठेवायची. वस्तूशेजारी कागदाच्या चिठ्ठीवर आणणाऱ्याचं नाव लिहा. ज्या मुलांना अजून अक्षरओळख नाही तीही आठवडाभरात स्वतःच्या नावाची चिठ्ठी ओळखू लागतात, कारण त्या चिठ्ठीमागे त्यांची स्वतःची वस्तू असते.

कोपऱ्याचे नियम तीनच ठेवा. खाली पडलेलं उचलायचं, झाडावरचं ओरबाडायचं नाही. जिवंत किडा आणायचा नाही, तो दिसला तर ताईंना बोलावून दाखवायचा. काहीही तोंडात, नाकात, कानात घालायचं नाही. दर शनिवारी मुलांबरोबर कोपरा आवरा: सुकलेलं खताच्या खड्ड्यात, टिकणारं डब्यात.

एका वेळी पाच-सहा मुलांचा गट घ्या. बाकीच्यांना मदतनीसताई गोष्ट सांगतील किंवा मातीकाम देतील. एका उपक्रमाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ऑक्टोबरचं ऊन बाधतं, म्हणून बाहेरचं सगळं सकाळी दहाच्या आत उरका.

गोळा करण्याआधी हे वाचा

पावसानंतरचं रान सुंदर असतं, तसंच त्यात धोकेही असतात. मुलांना बाहेर नेण्याच्या आदल्या दिवशी स्वतः परिसर फिरून या.

मोजायला म्हणून गुंजा कधीही देऊ नका. लाल-काळं ते बी मोहक दिसतं, पण अत्यंत विषारी असतं. फुटलेली किंवा चावलेली गुंज जिवावर बेतू शकते. एरंडाच्या बिया, धोतऱ्याची काटेरी फळं आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या यांनाही वर्गात जागा नाही. बिट्ट्यांनी खेळण्याची पद्धत खेड्यापाड्यांत जुनी असली तरी त्यातलं विष हृदयावर परिणाम करतं. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. खाजकुइलीच्या केसाळ शेंगा याच सुमारास तयार होतात. त्या कुंपणावर असतील तर तो भाग टाळा. गाजरगवताने काही मुलांच्या अंगावर पुरळ उठतं. सीताफळाच्या बिया अख्ख्या असतील तर मोठ्या मुलांना हाताळायला देता येतात. मात्र त्यांची पूड डोळ्यांना फार अपायकारक असते, म्हणून त्या फोडू-कुटू देऊ नका.

उंच गवतात मुलांना शिरू देऊ नका. या दिवसांत साप-विंचू बाहेर फिरतात. आणि लहान वस्तूंचं भान सतत ठेवा: चिंचोके, वाटाणे, शेंगदाणे हे नाकात जाणारे आणि श्वासनलिकेत अडकणारे आकार आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलांना मोठ्या वस्तू द्या, जसं की मक्याची कणसं, करवंट्या, देशी बदामाची फळं. बारीक बिया चार वर्षांपुढच्यांनाच, त्याही तुम्ही शेजारी बसलेल्या असताना. मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. हे मोजणंही मुलांकडून करून घ्या.

भुईमुगाची शेंग: एका सुपात गणित

खर्च कमी आणि शिकणं भरपूर, असा एकच उपक्रम निवडायचा झाला तर मी भुईमुगाची शेंग निवडेन.

शक्य असेल तर मातीसकट उपटलेला एक वेल मिळवा. शेतकरी पालक आनंदाने देतात. शहरात ओल्या शेंगा बाजारात मिळतात, वेलाऐवजी चित्र किंवा मोबाइलवरचा फोटो चालेल. वेल मुलांच्या मधोमध वर्तमानपत्रावर ठेवा आणि काही सांगू नका. माती झटकताना एखादं मूल म्हणेल, ‘शेंगा मुळाला लागल्यात.’ तिथे त्याला भिंगातून नीट पाहायला सांगा. फुलं वर येतात, त्यांच्याजवळून निघालेल्या आऱ्या खाली वाकून मातीत शिरतात आणि टोकाला शेंग धरते. वेलावरची एखादी आरी बोटाने वरून खालपर्यंत चाचपली की हे मुलांना आपोआप उमगतं.

मग दोन सुपं घ्या, एकात ओल्या शेंगा, दुसऱ्यात वाळलेल्या. कानाशी धरून हलवायला सांगा. वाळलेली वाजते, ओली वाजत नाही. ‘का बरं?’ असं विचारून थांबा. पाच वर्षांची मुलं छान उत्तरं देतात: ‘ओलीत दाणा घट्ट बसलाय’, ‘वाळलीत तो बारीक झाला’. उत्तर बरोबर की चूक हे लगेच सांगू नका. दोन्ही शेंगा फोडून बघू या, एवढंच म्हणा.

फोडणं हे स्वतःच मोठं काम आहे. बोटं अजून मऊ असतात, शेंग सुटत नाही, मूल दातांकडे नेतं. तेव्हा शेंगेच्या टोकाची चोच अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दाबायला शिकवा. टक् आवाज होतो आणि शेंग शिवणीवर उकलते. पुढे पेन्सिल धरायला लागणारी ताकद याच दोन बोटांत यायची असते.

आता अंदाज. फोडण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, आत किती दाणे असतील. फोडून मोजायचे. जमिनीवर खडूने १, २, ३ असे तीन रकाने आखा आणि ज्या शेंगेत जितके दाणे, तिचं टरफल त्या रकान्यात एकाखाली एक ठेवायला सांगा. दहा मिनिटांत मुलांसमोर टरफलांचा आलेख तयार होतो. कुठली रांग सर्वांत लांब? कुठली सर्वांत छोटी? एकही दाणा नसलेली शेंग निघाली तर ती कुठे ठेवायची? या शेवटच्या प्रश्नावर मुलं वाद घालतात आणि शून्यासाठी नवा रकाना आखला जातो. तो मुलांनीच मागावा, तोवर तुम्ही आखू नका.

दाणे मुलांना अख्खे खायला देऊ नका. भाजून, कूट करून, गुळाबरोबर लाडू वळा. लाडू वळण्याचं काम मुलांचं. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारं मूल वर्गात आहे का, हे पालकांना आधी विचारा. असेल तर हाच उपक्रम वालाच्या किंवा तुरीच्या शेंगांवर करा, खायला काही ठेवू नका.

बिया घर सोडून कशा जातात

तेरड्याची पिकलेली शेंग फिकट आणि टपोरी दिसते. जमिनीवर पांढरी चादर अंथरा, शेंग चादरीच्या मध्यावर धरा आणि मुलाला बोटाने हलकेच दाबायला सांगा. शेंग फटकन फुटते, सालीच्या पट्ट्या आतल्या बाजूला वळतात आणि बिया उडतात. पहिल्यांदा मूल दचकतं, दुसऱ्यांदा हसतं, तिसऱ्यांदा बघू लागतं. आता बिया कुठवर गेल्या ते शोधू द्या. सर्वांत लांब गेलेल्या बीपर्यंत किती पावलं? प्रत्येकाची पावलं वेगळी भरतात आणि ‘माझी सात, हिची नऊ, असं का?’ हा मापनातला खरा प्रश्न मुलांच्या तोंडून येतो.

दुसरा प्रवास चिकटणाऱ्या बियांचा. जुन्या लोकरी शालीचा तुकडा सुतळीला बांधा आणि मैदानाच्या कडेने, पायवाटेला लागून, कुत्र्याला फिरवल्यासारखा मुलांकडून ओढत न्या. आघाडा आणि कुसळं त्यात हमखास अडकतात. वर्गात येऊन भिंगाखाली बघा: कुणाला टोकदार काटे आहेत, कुणाला आकडे. मग तो तुकडा एका घमेल्यात मातीवर पसरा, वर थोडी माती भुरभुरवा आणि रोज पाणी शिंपडा. त्यातून काय उगवेल हे तुम्हालाही ठाऊक नसतं, आणि ताईंनाही ठाऊक नसलेली गोष्ट शोधण्यात मुलांना विशेष रस असतो.

हे करताना डोक्यावरून चतुर जातील. त्यांना पकडून शेपटीला दोरा बांधण्याचा खेळ मुलांनी कुठेतरी पाहिलेला असतो. तो थांबवायचा तर ओरडण्याऐवजी चतुराची गोष्ट सांगा. पावसानंतर थव्याने दिसणाऱ्या पिवळसर चतुरांची एक जात वाऱ्याच्या साथीने हिंद महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जात असल्याचे पुरावे अभ्यासकांना मिळाले आहेत. पृथ्वीच्या गोलावर मुलांना बोटाने तो रस्ता काढू द्या. एवढ्या लांब निघालेल्या प्रवाशाला अडवायचं नसतं, हे मुलांना पटतं.

उजेडातलं रोप, अंधारातलं रोप

घटस्थापनेला अनेक घरांत टोपलीत किंवा पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरतात. नऊ दिवसांत उगवलेले ते पिवळे कोंब मुलांनी पाहिलेले असतात. तेच वर्गात प्रयोग म्हणून करता येतं आणि ज्यांच्या घरी घट बसत नाहीत ती मुलंही त्यात सारखीच भाग घेतात.

तीन करवंट्यांत माती भरा. प्रत्येकीत रात्रभर भिजवलेले गहू पेरा. एक करवंटी खिडकीत, एक उपड्या घमेल्याखाली अंधारात, तिसरी खिडकीतच, पण कोरडी, पाण्याविना. पहिल्या दोन्हींना रोज चमच्याने सारखंच पाणी. काय होईल, हे आधी प्रत्येकाला विचारा आणि उत्तरं नावासकट तक्त्यावर लिहून ठेवा.

चार-पाच दिवसांत फरक ठळक होतो. खिडकीतले कोंब हिरवे आणि आखूड, अंधारातले पिवळट आणि लांब. बहुतेक मुलांचा अंदाज उलटा असतो. अंधारात रोप वाढणारच नाही, असं त्यांना वाटलेलं असतं. आता अंधारातली करवंटी उजेडात आणा. दोन-तीन दिवसांत कोंबांवर हिरवा रंग चढू लागतो. लहानग्यांना ‘उजेड मिळाला की रोप हिरवं होतं आणि स्वतःचं अन्न बनवतं’ एवढं पुरे. अंधारातलं रोप उजेड शोधत लांब होतं, हे मोठ्या गटाला सांगा.

उंची मोजायला पट्टी नको. रोज कोंबाच्या उंचीएवढा लोकरीचा धागा कापा आणि तक्त्यावर शेजारी शेजारी चिकटवा. आठवड्याअखेर वाढ डोळ्यांना दिसते आणि बोटालाही लागते. ज्या मुलाला कमी दिसतं, तेही धाग्यांवरून हात फिरवून ‘आज जास्त वाढलं’ हे सांगू शकतं.

पारिजातक, झेंडू आणि आपटा

पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे गळतो. त्यामुळे फुलं न तोडता परडीभर मिळतात. एका फुलाच्या पाकळ्या मोजायला द्या. सहसा त्या पाच ते आठ असतात, म्हणजे शेजारी बसलेल्या दोघांचं उत्तर वेगळं येऊ शकतं आणि दोघेही बरोबर असू शकतात. पाचपाकळी, सहापाकळी, सातपाकळी अशी वर्गवारी अंड्यांच्या ट्रेमध्ये करा. मग केशरी देठ वेगळे खुडायला द्या. ते कोमट पाण्यात चुरगाळले की पाणी केशरट होतं. त्यात पांढऱ्या सुती कापडाची चिंधी भिजवून वाळवा. फूल पांढरं, रंग केशरी: तो नेमका फुलाच्या कुठल्या भागातून आला, हे मुलांना दुसऱ्या दिवशीही सांगता येतं, कारण तो भाग त्यांनीच खुडलेला असतो.

दसऱ्यानंतर घरोघरी तोरणं उतरतात. ‘सुकलेलं तोरण शाळेत आणा’ असा निरोप पालकांना द्या. फुलं उलगडून बघा. झेंडूची प्रत्येक ‘पाकळी’ खालच्या काळ्या काडीसारख्या बीसकट सुटून येते. मुलं एका फुलातल्या बिया मोजायला बसतात आणि मोजणी त्यांच्या आवाक्याबाहेर जाते. अशा वेळी दहा-दहाचे ढीग करायला शिकवा. बिया कुंडीत पेरा. बाजारातल्या संकरित झेंडूचं बी कधी उगवतं, कधी उगवत नाही, म्हणून दोन-चार वेगवेगळ्या तोरणांमधलं बी घ्या.

दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात. बालवाडीने इथे वेगळा पायंडा पाडावा. एका मुलाला एकच पान. ते मधल्या शिरेवर दुमडा: दोन्ही भाग एकमेकांवर जुळतात. पानाच्या एका अर्ध्याला रंग लावून कागदावर ठसा घ्या, मग कागद दुमडून दाबा, पूर्ण पान उमटतं. शेजारी आंब्याचं, वडाचं, पेरूचं पान ठेवून कुठलं दुमडल्यावर जुळतं ते बघा. नंतर शाळेच्या आवारात आपट्याचं एक रोप लावता आलं, तर त्याच्यासारखं सोनं नाही.

खिरापत ओळखा

नवरात्रात भोंडला, हस्त नक्षत्रात हादगा, खानदेश-विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई. या खेळांत बालशिक्षणाचं केवढं तरी द्रव्य आहे. फेर धरून गाणं म्हणताना लय, तोल आणि दुसऱ्याचा हात धरून चालण्याची शिस्त येते. काही ठिकाणी पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन असा चढता क्रम असतो, म्हणजे मोजणी खेळातच आहे. मुलग्यांनाही फेरात घ्या. त्यांना बाजूला बसवण्याचं कारण नाही.

खिरापत ओळखण्याचा भाग तर भाषेसाठी सोन्यासारखा. झाकलेल्या डब्यात खाऊ ठेवा आणि पायऱ्यांनी पुढे जा. आधी डबा हलवून आवाज ऐकायचा: खुळखुळतंय की डबडब करतंय? मग झाकण किलकिलं करून वास. मग डोळे मिटून बोटाने स्पर्श: मऊ, खरखरीत, चिकट, दाणेदार. शेवटी चव. प्रत्येक पायरीला मुलाने एक तरी शब्द द्यायचा आणि तुम्ही तो तक्त्यावर लिहायचा. मूल ‘कुरुमकुरुम’ म्हणालं तर तेच लिहा. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी किंवा हिंदी बोलणारं मूल स्वतःचा शब्द देईल, तोही त्याच मानाने तक्त्यावर यावा. खिरापत रोज एका घरून मागवायची असेल तर साधी ठेवायला सांगा: फुटाण्याचं पीठ-गूळ, पेरूच्या फोडी, काकडी. पालकांमध्ये चढाओढ लागली की उपक्रम पालकांचा होतो.

सावली आणि चंद्र

ढग सरल्यामुळे या दिवसांत सावल्या रेखीव पडतात. शाळा भरल्यावर मुलाला अंगणात उभं करा, दुसऱ्याने खडूने पावलं आणि सावली आखायची. शाळा सुटताना त्याच पावलांवर पुन्हा उभं राहायचं. सावली आखलेल्या रेषेत मावत नाही, ती सरकलेली आणि लांबी बदललेली असते. ‘तू तर तिथेच आहेस, मग सावली का हलली?’ हा प्रश्न देऊन मुलांना घरी सोडा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे आधी बजावा.

घरी करण्याजोगा उपक्रम चंद्राचा. दसरा दशमीला, कोजागरी पौर्णिमेला. मधल्या संध्याकाळी चंद्र रोज थोडा भरत जातो. पालकांनी मुलाला अंधार पडल्यावर अंगणात किंवा गच्चीवर न्यायचं आणि दिसला तसा चंद्र काढून घ्यायचा. ढग आले तर ढग काढायचे. सुट्टीनंतर ही चित्रं क्रमाने लावताना आधी काय, मग काय, हे मुलं एकमेकांना सांगतात. गोष्ट क्रमाने सांगण्याची तयारी यातून होते.

दिवाळीच्या सुट्टीआधीचे दिवस मातीच्या किल्ल्याला द्या. ओली माती, दगड, गोणपाट आणि भिंतीवर टाकायला हळिवाचं बी, एवढंच लागतं. हळीव दोन-तीन दिवसांत हिरवं होतं. बुरूज का कोसळला, माती किती ओली हवी, हे मुलांना आपसात ठरवू द्या.

आपल्या गावचा शरद

वरचे सगळे उपक्रम सगळीकडे जमायलाच हवेत असं नाही. कोकणात या सुमारास भात कापणीला येतं. मूठभर साळी तळहातावर चोळून तूस काढायला द्या, एक घास भातामागे किती हात राबतात ते तिथे कळतं. विदर्भ-मराठवाड्यात कापूस फुटू लागतो. बोंडातून कापूस सोडवून सरकी वेगळी करणं हे बोटांसाठी उत्तम काम. महानगरात सोसायटीच्या आवारातला देशी बदाम, भाजीबाजारातले शिंगाडे आणि सीताफळं, फूलबाजारातला झेंडू, एवढ्यावर महिना निघतो.

परदेशातल्या मराठी शाळांनी मात्र तिथलीच पानं उचलावीत. अमेरिकेच्या ईशान्य भागात ऑक्टोबरमध्ये मेपल खरोखर लाल होतो. ती पानं हाती घेऊन ‘खरखरीत, चुरा, देठ, शीर, पिवळसर’ हे मराठी शब्द मुलांच्या तोंडी आले, तर मराठी ही फक्त आजीच्या फोनची भाषा राहत नाही, पायाखालच्या पानाचीही होते.

बोलायचं कसं, नोंद काय ठेवायची

प्रश्न कमी विचारा आणि मोकळे विचारा. ‘हे काय आहे?’ याला एका शब्दाचं उत्तर येतं. ‘तुला काय दिसतंय?’, ‘हे त्याच्यासारखं कसं आहे?’, ‘आता काय होईल?’, ‘तुला कसं कळलं?’ या चार प्रश्नांवर सगळे उपक्रम चालतात. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा आणि गप्प राहा. मुलाला शब्द शोधायला तेवढा वेळ लागतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाकडून हाताळणं, वेगळं करणं आणि एक-दोन नवे शब्द एवढीच अपेक्षा ठेवा. चार-पाचच्या वयात मोजणं, जोड्या लावणं आणि अंदाज बांधणं येतं. पाच-सहाची मुलं तुलना करतात, कारण सांगतात आणि चित्रातून नोंद ठेवतात. मुलाने काढलेल्या चित्राखाली त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. ‘शेंग फटकन फुटून राह्यली’ हे त्याचं वाक्य त्याला वाचून दाखवलं की बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं वाचता येतं, हे त्याला समजतं. वाचनाची सुरुवात इथे असते, अक्षरं घोटण्याची घाई नको.

तुमच्या वहीत रोज दोनच मुलांबद्दल दोन ओळी लिहा: आज त्याने काय केलं, काय विचारलं. महिन्याभरात प्रत्येक मुलाचं नाव वहीत यायला हवं. ज्याचं आलं नाही, ते मूल आपल्या नजरेतून सुटतंय असं समजा आणि पुढच्या दिवशी त्याच्याशेजारी बसा. पालकसभेत रंगवलेल्या कागदांच्या फायलीऐवजी या ओळी वाचून दाखवा. ‘आमच्या मुलाला किती येतं?’ असं विचारत आलेले पालक ‘त्याने हे विचारलं?’ असं म्हणत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी एखादी वाळलेली शेंग खिशात घालून त्याला पाठवतात.

सगळं एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त कोपरा मांडा आणि त्याचे नियम रुजवा. दुसऱ्या आठवड्यात भुईमूग आणि करवंट्या, तिसऱ्यात तेरडा आणि सावली, चौथ्यात खिरापत आणि फुलं. तुमच्याकडची पिकं आणि सण पाहून क्रम बदला, सुट्ट्या आल्या की आठवडा पुढे ढकला. एखाद्या दिवशी मुलं तेरड्याच्या शेंगांपाशीच रेंगाळली आणि ठरलेला तक्ता राहिला, तर तक्ता उद्यावर टाका. मुलं रमली आहेत तोवर शिकणं चालूच आहे, आणि त्या वेळी ताईंचं काम एवढंच की आणखी थोड्या शेंगा हाताशी ठेवायच्या.